एकही भोक नसलेलं पान

तेरड्याची टपोरी शेंग चिमटीत धरली की फट्‌कन फुटते, सालपटं आत वळतात आणि बिया चहूकडे उडतात. कोकणात वाढलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. गौरी येतात तेव्हा हाच तेरडा पाणवठ्यावरून मुळासकट उपटून घरी आणतात आणि त्यालाच गौर मानून पूजतात. दोन-तीन दिवसांत फुलं मलूल होतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात ते उगाच नाही.

याच तेरड्याचा एक भाऊबंद हिमालयात राहतो. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात ओढ्यांच्या काठी आणि ओलसर उतारांवर तो वाढतो. फुलं गुलाबी-जांभळी, शिरस्त्राणासारखी. १८३९ साली त्याच्या बिया इंग्लंडला गेल्या, हौशी लोकांच्या बागांसाठी. बागेच्या कुंपणात तो फार काळ राहिला नाही. आज ब्रिटनमध्ये आणि युरोपच्या बऱ्याच भागात नदीच्या काठाने चालत गेलं, की उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही बाजूंना हाच दिसतो, अडीच मीटरपर्यंत उंच आणि भिंतीसारखा दाट. त्याचा रंग तिथे तीन दिवसांत जात नाही, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत टिकतो. युरोपीय संघाने २०१७ साली त्याचं नाव घातक परक्या प्रजातींच्या अधिकृत यादीत घातलं.

इंग्लंडमधल्या एका लहान नदीकाठी मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आनंदच झाला होता. परक्या मुलखात आपल्याकडचं कुणीतरी भेटावं तसं वाटलं. वर फुलाफुलावर मधमाश्या आणि बंबलबी. बंबलबी म्हणजे मधमाशीची अंगभर लव असलेली, गलेलठ्ठ चुलत बहीण. आपल्या देशात ती प्रामुख्याने हिमालयात दिसते. माशी फुलाच्या पोटात शिरायची आणि बाहेर यायची ती पाठीवर पांढऱ्या परागांची पूड घेऊन, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. इतकी वर्दळ असताना लोक या झाडाला शत्रू का म्हणतात, ते मला कळेना. मग सोबतच्या जाणत्या बाईंनी पान उलटून बघायला सांगितलं. पानं कोरी करकरीत होती. एकावर कुरतडल्याची खूण नाही, अळी नाही, अंडं नाही. पन्नासेक पानं पाहिली, पण भोक एकाही पानाला नव्हतं.

नदीकाठच्या परक्या वनस्पती आणि कीटक यांचं सगळं गणित त्या कोऱ्या पानात आहे. आपण फुलाकडे बघतो आणि तिथे कोण जेवतंय ते मोजतो. कीटकांच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न असतो, इथे कोण जन्माला येतंय?

फुलपाखराचंच बघा. मोठं झालेलं फुलपाखरू मध पिणार, आणि मध त्याला कुठल्याही फुलातला चालतो. खानावळ कुणाची, मालक कुठल्या गावचा, याची चौकशी ते करत नाही. अंडी घालायची वेळ आली की मात्र मादी पक्की चोखंदळ होते. ज्यांच्या घरी कढीपत्त्याचं झाड आहे त्यांनी हे पाहिलेलं असतं. शेजारी गुलाब, जास्वंद, मोगरा सगळं असताना शेपटीवाली काळी फुलपाखरं अंडी घालायला नेमकी कढीपत्त्यावर किंवा लिंबावर येतात. रुईवर प्लेन टायगर, करंजावर कॉमन बँडेड ऑल, पाणथळीतल्या काटेरी तालिमखान्यावर पीकॉक पॅन्सी. अळीचं कुळ आणि झाडाचं कुळ यांची सोयरीक ठरलेली असते.

ही सोयरीक जमायला लाखो वर्षं लागलेली असतात. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते पानांत रसायनं साठवतं. काही कडू, काही विषारी, काही चीक होऊन तोंड चिकटवणारी. बहुतेक किड्यांना ती सोसत नाहीत. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच झाडावर राहिलेल्या किड्याच्या शरीरात ते विष पचवण्याची व्यवस्था तयार होते. त्याची किंमत अशी, की तेवढंच झाड पचवायला तो शिकतो. उद्या ते झाड काठावरून गेलं, तर शेजारी कितीही हिरवं असलं तरी त्याच्या अळीला ते कोरडं वाळवंटच.

आता एखादी वनस्पती समुद्रापलीकडून आली की काय होतं? तिच्या पानांतलं रसायन पचवणारे किडे मागे, मायदेशी राहिलेले असतात. नव्या मुलखात तिला कुणी खात नाही. स्वसंरक्षणावर खर्च व्हायची ताकद उंचीवर, फुलांवर, बियांवर खर्च करता येते. हिमालयातल्या तेरड्याचं एक झाड साधारण आठशे बिया देतं, शेंग फुटली की त्या सात मीटरपर्यंत उडतात, आणि काठच नदीचा असल्याने उरलेला प्रवास पाणी करून देतं. नदी म्हणजे परक्या वनस्पतींसाठी बांधून ठेवलेला हमरस्ता. दरवर्षीच्या पुराने काठाची माती उघडी पडते आणि तिथे पहिलं कोण रुजतं याची शर्यत लागते. वरच्या अंगाला एका बागेतून निसटलेलं झाड काही वर्षांत खालच्या सगळ्या गावांचं होतं.

हा तेरडा दाटला की त्याच्या सावलीत बाकीच्यांची वाढ खुंटते. ब्रिटनच्या नदीकाठी नेटल नावाचं तण असतं, हात लागला तर आग आग करणारं. दिसायला काही नाही, कुणाला आवडतही नाही. पण पीकॉक, स्मॉल टॉर्टॉइजशेल आणि रेड अ‍ॅडमिरल या तिथल्या तीन लाडक्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्यावर वाढतात. जिथे तेरडा नेटलला दाटीत मागे सारतो, तिथे या फुलपाखरांना मध मिळतो, पण बाळंतपणाची जागा जाते. वरवर बघणाऱ्याला त्या वर्षी फरक कळत नाही, कारण आधीची पिढी अजून फुलांवर उडत असते.

ब्रिटनमध्ये तेरड्याने व्यापलेल्या आणि मोकळ्या जागा शेजारी शेजारी ठेवून कीटकांची मोजणी झाली आहे. पानांवर राहणारे भुंगेरे आणि ढेकूणवर्गीय कीटक व्यापलेल्या जागी घटलेले आढळले. मातीतल्या काही अगदी बारीक जिवांची संख्या मात्र उलट वाढलेली होती. म्हणजे सगळंच नाहीसं होतं असं नाही. आधीच्या दाटीवाटीच्या वस्तीच्या जागी वेगळ्या, निवडक जिवांची वस्ती येते. आणि एक अपवाद सांगायलाच हवा. एलिफंट हॉकमॉथ नावाच्या पतंगाची जाडजूड अळी हिमालयी तेरडा आवडीने खाते, कारण तेरड्याच्या कुळाशी तिची जुनी ओळख आहे. एका किड्याचं असं जमलं म्हणून बाकीच्यांचं जमतं असं मात्र नाही.

परागण करणाऱ्या कीटकांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि याच मुद्द्यावर वाद होतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिलं, की या तेरड्याचं एक फूल तासाला सरासरी ०.४७ मिलिग्रॅम साखर तयार करतं. मध्य युरोपातल्या ज्या स्थानिक फुलांची मोजदाद झाली होती, त्यांतलं कुठलंच इतकं गोड नव्हतं. त्यांनी तुळशीच्या कुळातल्या एका स्थानिक पाणथळ वनस्पतीची झाडं या तेरड्याच्या शेजारी ठेवून पाहिली. बंबलबींच्या भेटी जवळपास निम्म्यावर आल्या आणि त्या झाडांना धरणाऱ्या बियाही सुमारे पाव हिश्शाने घटल्या. शेजारी लग्नाची पंगत बसली असेल तर साधी भाजी-भाकरी कोण खाणार?

पुढे इंग्लंडमध्ये झालेल्या दुसऱ्या प्रयोगात नेमकं उलट वाटावं असं दिसलं. तेरडा असलेल्या जागी येणाऱ्या कीटकांचे प्रकार जास्त होते, त्यांची संख्याही जास्त होती. पण कीटकांच्या अंगावरचे पराग तपासले तेव्हा त्यांत परक्या तेरड्याच्याच परागांचा भरणा होता. वर्दळ वाढली होती, पण स्थानिक फुलांचं टपाल पोचवण्यासाठी ती वर्दळ कामाची राहिली नव्हती. नुसती वर्दळ मोजून नदीकाठ निरोगी ठरवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. मधमाशीपालकांना शरद ऋतूत हा तेरडा उपयोगी पडतो ही गोष्ट खरीच आहे, आणि त्यांची बाजू मला कळते. मात्र मधमाशी नदीकाठच्या शेकडो कीटकांपैकी एक. तिचं पोट भरलं म्हणजे बाकीच्यांचंही भागलं, हा हिशेब मला पटत नाही.

पाण्यातल्या कीटकांवर होणारा परिणाम आणखी छुपा असतो. नदीच्या बऱ्याच कीटकांचं बालपण पाण्यात जातं. मेफ्लायसारखे जीव वर्षभर तळाच्या दगडगोट्यांत राहतात आणि हवेत जेमतेम एखादा दिवस काढतात. हिमालयी तेरडा वर्षायू असल्याने पहिल्या कडक थंडीत तो आडवा होतो. बहुवर्षायू गवतं आणि झुडपं त्याने आधीच हुसकावलेली असतात, त्यामुळे हिवाळ्यात काठाची माती धरून ठेवायला मुळंच उरत नाहीत. पुराचं पाणी माती ओढून नेतं, गाळ तळाच्या दगडांमधल्या फटींत बसतो. त्या फटी म्हणजे मेफ्लायच्या पिल्लांची घरं. गाळाने घर बुजतं आणि कल्ल्यांवर चिखलाचा थर बसतो. काठावरच्या गुलाबी फुलाचा आणि तळाच्या दगडाखालच्या जिवाचा संबंध असा लांबून येतो.

जपानहून आलेल्या नॉटवीड नावाच्या तणाबाबतही युरोपातल्या नद्यांकाठी असंच दिसलं आहे, किंबहुना जास्त तीव्र. तिथे वनस्पतींचे प्रकार घटले आणि त्यांच्या मागोमाग कीटकांचेही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या नद्यांचा विषय जलपर्णीशिवाय सुरूच होत नाही. पुण्यातली मुळा, पिंपरी-चिंचवडमधली पवना, आळंदीची इंद्रायणी, कोल्हापूर-इचलकरंजीची पंचगंगा. उन्हाळा आला की पाण्यावर हिरवा गालिचा पसरतो आणि पलीकडच्या काठापर्यंत पाणी दिसेनासं होतं. मूळची ही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुंदर जांभळ्या फुलांसाठी ती बंगालमध्ये आली, आणि १९३६ साली तिथे तिच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला. सोयीची परिस्थिती मिळाली तर साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते.

चतुर आणि टाचण्या डोळ्यांसमोर ठेवल्या तर तिचा परिणाम चटकन कळतो. चतुर म्हणजे लहान मुलं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो, आणि टाचणी म्हणजे त्याची सडपातळ बहीण. हे उडताना पाणी ओळखतात ते पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या एका खास ठेवणीवरून, ज्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. गालिच्याखाली ती चकाकीच झाकली जाते. आपल्याला नदी ठाऊक असते म्हणून ती खाली आहे हे आपण जाणतो. वरून येणाऱ्या चतुराला मात्र तिथे एक हिरवं रान दिसतं.

गालिच्याखाली तर अंधारच. सूर्यप्रकाश पोचत नाही, म्हणून पाण्याखालच्या वनस्पती आणि शेवाळ तग धरत नाहीत. पाण्यात प्राणवायू सोडणारे तेच होते. वरून हवेशी संपर्क तुटलेला, आणि खाली सडणारी पानं उरलासुरला प्राणवायू संपवतात. चतुराचं पिल्लू पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतं, त्याचा जीव तिथे गुदमरतो. टिकतात ते दोन तऱ्हांचे कीटक. चिकाटीने कमी प्राणवायूत जगणारे पहिले. काही चिलटांच्या लालबुंद अळ्या यांतल्या. आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन त्यांच्या शरीरात असतं, म्हणून त्या रक्तासारख्या लाल दिसतात. दुसरे ते, ज्यांना पाण्यातल्या प्राणवायूची गरजच नसते, म्हणजे डास. क्युलेक्स डासाची अळी शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेते. मॅन्सोनिया जातीचा डास आणखी पुढे गेलेला आहे. त्याची अळी आपली टोकदार नळी जलपर्णीच्या मुळात खुपसते आणि झाडाच्या आतली हवा ओढून घेते, पाण्याच्या वर यावंच लागत नाही. आणि डासांच्या अळ्यांवर ताव मारणारी चतुराची पिल्लं तर आधीच नाहीशी झालेली असतात. नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात त्यामागे हा सगळा क्रम आहे.

इथेही सरसकट विधान करून चालणार नाही. जलपर्णीचे सुटे पुंजके असतील, मध्ये मोकळं पाणी असेल, तर तिच्या केसाळ मुळांत बरेच जलकीटक आसरा घेतात. गालिच्याच्या कडेला जीवसृष्टी चांगली असू शकते. घात होतो तो पाणी पूर्ण झाकलं गेल्यावर. आणि ती झाकते कशाच्या जोरावर? आपल्या गटारांतून न शुद्ध करता नदीत सोडलेल्या मैल्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसच्या जोरावर. तेरड्याला इंग्लंडच्या नदीने वाट दिली. जलपर्णीला तर आपण रोज ताट वाढतो. दर उन्हाळ्यात यंत्रं लावून ती काढायची आणि मैलापाणी तसंच सोडत राहायचं, यात पैसा आणि माणसांचे कष्ट दोन्ही वाहून जातात. मला याची फार चीड येते.

काठावर बेशरम आहे, घाणेरी आहे, दोन्ही परक्याच. घाणेरीच्या रंगीत गुच्छांवर फुलपाखरांची झुंबड उडते म्हणून काही जण ती मुद्दाम लावतात. पुन्हा तेच, जेवायला सगळे, जन्माला जवळपास कुणीच नाही. तिने आणि बेशरमीने व्यापलेल्या काठावर तालिमखाना, लव्हाळा, वाळा, वाळुंज यांना जागा उरत नाही. नदी सुशोभीकरणाच्या कामांत हेच होतं, फक्त जास्त वेगाने. काठ 'स्वच्छ' करताना तालिमखान्याचे काटेरी झुडूप सगळ्यात आधी जातं, कारण ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याच्याबरोबर पीकॉक पॅन्सीच्या काळ्या, काटेरी अळ्याही जातात.

उपाय आहेत, आणि ते कळले तर सोपे आहेत. हिमालयी तेरड्याची मुळं उथळ असतात, हाताने सहज उपटतो. शेंगा धरायच्या आधी, म्हणजे जून-जुलैत उपटावा लागतो. त्याच्या बिया मातीत साधारण दीड-दोन वर्षंच जिवंत राहतात, म्हणून लागोपाठ दोन-तीन उन्हाळे नेटाने काम केलं तर काठ मोकळा होतो. अट एकच, सुरुवात नदीच्या वरच्या अंगाने करायची. खालून सुरू केलं तर वरून बिया येतच राहतात. ब्रिटनमध्ये गावोगावचे लोक सुट्टीच्या दिवशी हातमोजे घालून हे काम करतात. जलपर्णीचं बी याच्या उलट, चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. तिथे उपटण्याबरोबर मैलापाणी थांबवणं हाच खरा उपाय.

दुसरी वाट म्हणजे मागे राहिलेला शत्रू शोधून आणायचा. जलपर्णी खाणारे सोंडवाले भुंगेरे दक्षिण अमेरिकेतले. १९८० च्या दशकात ते भारतात आणून बंगळूरमध्ये सोडले गेले, आणि सोडण्याआधी ते आपल्या पिकांना त्रास देत नाहीत ना, याची खातरजमा झाली. काम ते हळूहळू करतात आणि मैलापाण्यावर फोफावलेल्या जलपर्णीपुढे त्यांचा वेग कमी पडतो, तरी ते करतात.

तेरड्यासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ २००६ पासून वारंवार हिमालयात येऊन गेले. त्यांना तांबेरा हा बुरशीचा रोग हवा होता, गव्हावर पडतो त्याच तऱ्हेचा, पण फक्त या तेरड्यालाच धरणारा. भारतातून नेलेला तांबेरा २०१४ साली ब्रिटनमध्ये सोडला. काही नद्यांकाठी तो लागला, काही ठिकाणी लागला नाही. तपासात कळलं की ब्रिटनमध्ये तेरडा एकदाच आलेला नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या वेळी आलेला आहे, आणि प्रत्येक वाणाला तोच तांबेरा धरत नाही. मग पाकिस्तानातल्या डोंगरांतून तांबेऱ्याचा दुसरा वाण नेऊन २०१७ साली सोडावा लागला.

त्या मोहिमांतल्या शास्त्रज्ञांना हिमालयात तेरडा भेटला तो दाट भिंत होऊन नव्हे. गवतं, झुडपं, इतर फुलझाडं यांच्या गर्दीत तोही एक. पानांवर तांबेऱ्याचे ठिपके, कडा कुरतडलेल्या, आणि मधे मधे अळ्यांनी पाडलेली भोकं.